नवरा-बायकोचं वाटणीपत्र

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा वाटेकरी दोनच होते: मी आणि माझी बायको कुसुम. घटस्फोट वगैरे काही नाही! तेवढी हिंमत दोघांतही नव्हती.

भांडण झालं तिच्या शिलाई मशीनवरून. मी वाशीमच्या तहसीलबाहेर टेबल टाकून लोकांचे कागद लिहितो. (अर्जनवीस म्हणतात मला. मी स्वतःला निम्मा वकील समजतो.) त्यामुळे पुढच्या खोलीत माझे पक्षकार, मधल्या खोलीत माझी दफ्तरं आणि त्या दफ्तरांखाली कुठेतरी तिची मशीन.

"तीस वर्षं झाले, मले या घरात मशीन मांडाले जागा नाही," कुसुम म्हणाली. "आन् तुमचे लोकं दिवसभर चहा ढोसून राह्यले!"

"मंग घे वाटणी!" मी ताडकन म्हणालो.

"द्या लिवून."

लिहून द्या म्हटलं की माझा हात थांबत नाही. पुढची खोली आणि ओटा माझा. मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण तिचं. चतुःसीमा झोकात लिहिली. 'मधल्या दारापलीकडे लिहून देणाराचा कोणताही हक्क राहिलेला नाही' हे वाक्य तर मला इतकं आवडलं, की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं! कुसुमनं कागद शांतपणे वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि झटकन सही केली. इतक्या झटकन तिनं लग्नालाही होकार दिला नव्हता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी घाईघाईनं मधल्या दाराशी गेलो. आतून कडी!

(आमचा संडास मागच्या अंगणात आहे आणि तिकडे जायला मधल्या दाराशिवाय वाट नाही, हे सांगायचं राहिलं. लिहायचंही राहिलं होतं.)

"कोन हाये?"

"अवं, मी! दार उघड!"

"काहून?"

"काहून काय? मांगं जायचं हाये!"

"कागदात वहिवाट कुठी लिवली? दार माह्यं, अंगण माह्यं. अक्षर तुमचं!"

वावराची वाटणी असली की मी बैलबंडीची जाण्यायेण्याची वाट सगळ्यात आधी लिहितो. ती विसरणाऱ्यांना टेबलावर बसून हसतो!

धावत शेजारच्या देवरावभाऊकडे गेलो. त्यांच्याकडे पोहरादेवीच्या यात्रेला निघालेले अकरा पाहुणे, आणि अकराही एकाच दारापुढे रांगेत. तसाच परत फिरलो, तर माझ्या ओट्यावर इंझोरीचा एक शेतकरी येऊन बसलेला.

"काकाजी, वाटणीचा कागद लिवाचा होता. वाट तेवढी पक्की लिवा बाप्पा!"

दारामागे कुसुम खुदकन हसली. मी ओट्यावर येरझारा घालू लागलो. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं.

"कुसुम, माय वं, हात जोडतो!"

दाराखालून कोरा कागद सरकला. "पुरवणी लिवा. दफ्तरं तुमच्या खोलीत. मधल्या खोलीत माही मशीन. चहा मले इचारून. मंग वाट भेटन, तेबी इचारून."

तीस वर्षं बिचारी एवढंच मागत होती, आणि ते ऐकू यायला माझ्या पोटात कळ यावी लागली! मला लाज वाटली. पण लाजत बसायला तेव्हा वेळ नव्हता. उभ्या उभ्या लिहून दिलं.

"साक्षीदाराची सही?" आतून आवाज.

इंझोरीवाल्यानं चष्मा काढला. पुसला. सगळा कागद वाचला. मग वडिलांच्या नावासकट एकेक अक्षर कोरायला घेतलं.

"लवकर कर ना बे!"

"घाई कायले करून राह्यले काकाजी? सही म्हनजे जबाबदारीचं काम!"

एकदाची कडी निघाली. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

दुपारपर्यंत मधल्या खोलीत मशीन घरघरायला लागली. मी इंझोरीवाल्याचा कागद लिहून दिला, वाटेसकट. त्यानं तो घेतला आणि थेट मधल्या दाराशी गेला.

"काकू, तुमी एकडाव वाचून घ्या बरं. काकाजीचं काई खरं नाही!"

आता माझे सगळेच पक्षकार तसं करतात. कागद तपासून घ्यायला ते बिनधास्त आत जातात. विचारून जावं लागतं ते फक्त मला.