पुरवणीतलं नाव

वृषाली चिडकी होती. तिच्याविषयी पहिलं वाक्य हेच लिहावं लागतं, आणि तिला ते आवडलंही असतं. पाथर्डीहून ती आमच्या दैनिकाला बातम्या पाठवायची. बारावी झालेली, सव्वीस वर्षांची, बौद्धवाड्यात आईबरोबर राहणारी. दुपारच्या नगर गाडीच्या कंडक्टरकडे ती पाकीट द्यायची, आमचा शिपाई ते स्टँडवरून आणायचा. मी तेव्हा तालुक्याच्या पानावर बसायचो. तिचं अक्षर कागदात रुतलेलं असे. मागच्या बाजूनं बोट फिरवलं तरी बातमी हाताला लागायची.

ती बातमीदारी कुठं शिकली, हे ती लपवत नसे. धाकटा भाऊ सम्राट नागापूरला एका कारखान्यात कामाला होता. सत्त्याण्णव साली तिथं नवं मशीन बसवायला एक कोरियन इंजिनिअर आला, चार महिने राहिला आणि जाताना सम्राटला तीन कॅसेटी देऊन गेला. त्यांत टीव्हीवरच्या दोन बातमीदारांच्या प्रेमाची मालिका होती; तीच वृषालीची शाळा. भाषा कुणालाच कळत नव्हती. कॅसेटी तिकडच्या पद्धतीच्या, त्यामुळं आपल्याकडच्या व्हीसीआरवर रंग उमटत नसत. सगळं राखाडी. तरी रविवारी दुपारी सम्राट भाड्याचा व्हीसीआर आणायचा आणि आळीतल्या बाया जमायच्या.

मी एकदा गेलो होतो. पडद्यावर पाऊस होता आणि एक पोरगा छत्री धरून ऑफिसच्या दारात उभा होता.

"ह्यो अजून हितंच का गं?" एक म्हातारी म्हणाली. "गेल्या आयतवारीबी हितंच हुता."

"पाऊस लई हाय बाई त्यांच्यात."

"टँकरच्या लाइनीत उभा कर म्हनावं. दोन हंडे तरी आनल."

"ए, गप बसा गं," वृषाली खेकसली. "आता ती बोलंल."

ती म्हणजे नायिका. आळीनं तिचं नाव माईकवाली ठेवलं होतं आणि पोराचं छत्रीवाला. माईकवाली एका पडलेल्या इमारतीपुढं उभी राहून कागदावरून काहीतरी वाचत होती. चेहरा ओला, आवाज कोरडा.

"मेलेल्यांची यादी वाचती ती," वृषाली मला म्हणाली. "भाषा न्हाई कळत. यादी कळती."

"आणि हा?"

"ह्यो तिचा माईक धरतो. स्वतः बोलत न्हाई. म्हनून तर बायांना आवडतो ना, भाऊ. आमचे पुरुष माईक मिळाला की सोडतात का?"

बाया हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, पोरीला नाद लागलाय. तेवढंच वाटलं, हे मी आज लिहितो तेव्हा माझाच संताप येतो.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. वृषालीच्या आळीतली भिमाबाई साळवे नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर, ट्रकमध्ये बसली. बसली म्हणजे सामानाच्या वर, खोपीच्या बांबूंवर. मुकादम कानिफनाथनं एका ट्रकमध्ये दोन टोळ्या कोंबल्या होत्या. आसारामनं ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, बाया खाली पडतील. करंजी घाटाच्या वळणावर भिमाबाई पडली आणि जागीच गेली. कानिफनाथनं प्रेत आसारामबरोबर जीपमध्ये घालून परत पाठवलं आणि गावात सांगितलं, उलट्या झाल्या, आजारानं गेली. ट्रक पुढं गेला. हंगामाचा पहिला दिवस चुकवून चालत नाही म्हणे.

वृषाली आसारामशी बोलली, ट्रकमधून घाबरून परत आलेल्या दोन बायांशी बोलली, आणि दोन पानं लिहून पाठवली. नाव, वय, ट्रकचा नंबर, मुकादमाचं नाव.

ती पानं माझ्या टेबलावर आली. त्या दिवशी माझ्या पानावर साखर कारखान्याची अर्ध्या पानाची जाहिरात होती, गळीत हंगामाच्या शुभेच्छांची. मी कारखान्याच्या गट ऑफिसात फोन केला. तिथल्या माणसानं कानिफनाथचंच सांगणं पुन्हा सांगितलं. संपादक विष्णुपंत म्हणाले, "नावं नकोत. चार ओळी करा." मी केल्या. 'प्रवासात प्रकृती बिघडल्याने ऊसतोड महिलेचा मृत्यू.' भिमाबाईचं नाव मी माझ्या हातानं खोडलं.

दुसऱ्या दिवशी वृषाली स्वतः आली. तिच्या दोन पानांची नक्कल तिच्याकडं होती. ती तिनं विष्णुपंतांच्या टेबलावर ठेवली.

"वाचा."

"बसा बाई. चहा सांगू?"

"चहा नको. ह्यात आजार कुठं लिहिलाय मी? तिची आई सत्तर वर्षांची हाय. लोकं तिला म्हनत्यात, तुज्या लेकीला रोग हुता, लपवून कामाला धाडली. पेपरात आलंय म्हनत्यात!"

विष्णुपंत वाईट माणूस नव्हते. वाईट माणसावर राग काढणं सोपं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची लेखणी चांगली आहे. या असल्या बातम्यांत वाया घालवू नका. तुम्ही ती कोरियन मालिका बघता ना? त्यावर महिला पुरवणीत लिहा. बायकांना एवढी का आवडते, वगैरे. नावासकट छापू. फोटोही देऊ."

मला वाटलं, ती आता टेबल उलथवणार. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "किती शब्द?"

मी तिला मनातून नावं ठेवली. फोटोसाठी विकली गेली, असं माझ्या मनात आलं.

आमच्याकडं पुरवणीचा मजकूर कुणी वाचत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. पाककृती, रांगोळी, केसांची निगा. आलेलं पाकीट सरळ टाइप करणाऱ्या ऑपरेटरकडं जायचं आणि दोन दिवस आधी छापून गठ्ठे बांधले जायचे. वृषालीलाही ते ठाऊक होतं.

गुरुवारी शंकरपाळ्यांच्या कृतीशेजारी तिचा लेख आला. पहिले तीन परिच्छेद छत्रीवाल्याचे, गोड, हसवणारे. चौथ्यात असं: 'माईकवाली मेलेल्यांची नावं वाचते. आमच्याकडे नावं खोडतात. म्हणून मी वाचते. भिमाबाई आसाराम साळवे, वय एकतीस. ती आजारी नव्हती.' पुढं घाट, ट्रकचा नंबर, कानिफनाथ, दोन्ही बायांचं म्हणणं, सगळं.

शुक्रवारी कानिफनाथ कारखान्याच्या माणसाला घेऊन ऑफिसात आला. शनिवारी पहिल्या पानावर चौकट आली. श्री. कानिफनाथ यांच्याविषयी अनवधानाने मजकूर प्रसिद्ध झाला, दिलगीर आहोत. तिचं काम बंद झाल्याचं पत्र मीच टाइप केलं.

पुढच्या आठवड्यात विष्णुपंतांनी तिला पुन्हा बोलावलं. कारण पुरवणीला कधी नव्हे ती पत्रं आली होती. चौदा पोस्टकार्डं, शेवगाव, जामखेड, नेवासे, कुठून कुठून. सगळ्यांचा प्रश्न एकच. छत्रीवाल्याचं आणि माईकवालीचं लग्न झालं का?

"बघा, काय ओढ आहे लोकांना," विष्णुपंत खुशीत म्हणाले. "झालं गेलं विसरू. पुढचा भाग लिहा. फक्त मालिकेवर."

वृषालीनं एकेक कार्ड वाचलं. उलटंपालटं केलं. कान लाल झाले होते.

"चौदा जनी," ती म्हणाली. "एकीनंबी विचारलं न्हाई, भिमाबाईचं काय झालं."

"अहो, वाचक असे..."

"आनि तुमी! मुकादमाच्या नावामागं श्री लावलात. तिच्या नावामागं, आमच्यात गेलेल्या मानसाला लावत्यात ते कालकथित लावायला जागा नव्हती? तिचं नावच नव्हतं की त्या चौकटीत!"

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. वृषाली कार्डं घेऊन बाहेर माझ्या टेबलापाशी आली आणि शिपायाला म्हणाली, "दादा, समोरच्या पोस्टातून चौदा कार्डं आना." पैसे तिनंच दिले. मग माझ्यासमोरची खुर्ची ओढून लिहायला लागली. अक्षर तसंच, रुतलेलं.

'ताईस जयभीम. लग्नाचं मला माहीत नाही, कॅसेट तिथंच संपली. पण तुम्ही लेखाचा चौथा परिच्छेद पुन्हा वाचा. भिमाबाई आसाराम साळवे आजारानं गेली नाही. हे चार घरी सांगा.'

सात कार्डं लिहून तिनं बोटं चोळली. उरलेली सात माझ्यापुढं सरकवली.

"तुमी लिहा, भाऊ."

आत विष्णुपंत फोनवर बोलत होते. ऑपरेटर माझ्याकडं बघत होता. मी पेन उचललं. पहिलं कार्ड जामखेडला जाणारं होतं. लिहून तिच्याकडं दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेऊन शब्द न् शब्द वाचलं, माझ्यासारख्या माणसाचा मजकूर तपासतात तसं, आणि परत दिलं.

"आडनाव ऱ्हायलं," ती म्हणाली.

मी 'साळवे' लिहिलं.