वरची एक ओळ

दिराला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली ती वहिनीनेच, जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडता निवडता. "क्लास म्हणजे कोडचा एक तुकडा, पॅकेज म्हणजे त्याचं घर. एका पॅकेजमधले क्लास म्हणजे घरची माणसं," ती सांगायची. "नुसती हाक मारली की ओ देतात. परक्या पॅकेजमधलं काही हवं असेल, तर मात्र वर इंपोर्टची ओळ लिहून मागावं लागतं."

पुढे दोघांनी मिळून दवाखान्यांसाठी प्रोग्राम केला. त्यातला अपॉइंटमेंटचा क्लास वहिनीचा. त्यापायी तिने डोळ्यांची पार वाट लावून घेतली होती.

एका सकाळी तिने प्रोग्राम चालवायला घेतला, तर कोड तपासणारा कंपायलर म्हणे, असा क्लासच सापडत नाही. शोधते तर काय, दिराने तो उचलून स्वतःच्या नावाच्या नव्या पॅकेजमध्ये नेऊन ठेवलेला!

तिने तणतणत फोन लावला. "अहो भाऊजी, हा काय प्रकार?"

"मी वेगळी कंपनी काढतोय ना, वहिनी. तुमचं काही अडत नाही हो. वर इंपोर्टची एक ओळ टाका, झालं!"

तिने फोन आपटला. पण दवाखाने उघडायची वेळ झाली होती, पेशंट ताटकळले असते. दातओठ खात तिने ती ओळ लिहिली: आधी दिराचं नाव, मग टिंब, मग तिचा स्वतःचा क्लास.

कंपायलरची आता काहीच तक्रार नव्हती.