या कधीतरी घरी
शेजारच्या फ्लॅटच्या दारांना आज ऑइलपेंट लावतायत, आणि त्या वासानं मला जोह्याचा तो श्रावण आठवला. इथे रोह्याजवळ वरशाला माझ्या शेजारी राहणारी मैत्रीण, नवऱ्याची कंपनीतली नोकरी संपली तशी जोह्याला सासरी गेली होती, गणपतीच्या मूर्तींच्या घरच्या कारखान्यात. फोनवर तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "ये गो कधीतरी घरी." या वाक्याची मला भारी चीड यायची, कारण म्हणणारा ‘कधी’ ते कधीच सांगत नाही. पण एका रविवारी घर अगदी खायला उठलं आणि मी पोह्यांची पिशवी घेऊन निघालेच, रोह्याहून पेणला आणि तिथून एसटीनं जोह्याला. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ती हातातला ब्रश तसाच धरून म्हणाली, "अगो, फोन तरी करायचास! सीझन हाय ना आता." तरी दोन मूर्ती सरकवून तिनं मला स्टूल दिलं. भोवती सगळे गणपती डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेले. माझ्याकडे बघायला तिथे देवालाही सवड नव्हती. चहा संपल्यावर मी उठले. दारापर्यंत येऊन ती म्हणाली, "परत ये गो कधीतरी." मी म्हटलं, "व्हय, तूपण ये." हल्ली जिन्यात भेटेल त्याला मीच म्हणते, "या कधीतरी चहाला." माझं एका पिशवीत भागतं, तरी दूध रोज दोन पिशव्या घेते.