साडूंच्या गाडीची शिट्टी

गेल्या पौषातला एक रविवार. पिंपरी पेंढारजवळचा मळा, चिंचेखाली उभी असलेली एक जुनी टर्बो गाडी आणि कुरिअरने आलेला साडेचार हजारांचा, आगपेटीएवढा एक व्हॉल्व्ह. हजर माणसे तीन: आमचे साडू, मी आणि ओट्यावरच्या बाजेवर पडलेली साडूंची आई. एवढे आधी लिहून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की तुम्ही स्वतः तिथे होता का. होतो.

यंत्रांवर इतकी माया करणारा आणि यंत्रांनी ज्याला इतके भ्यावे असा दुसरा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत नसेल. माझ्या मेहुणीच्या घरात मिक्सर उलटा फिरतो, पंखा एकावर ठेवला तर पाचावर पळतो, आणि पाण्याची मोटर चालू केली की देवघरातला दिवा उजळतो. यांपैकी एकही वस्तू बिघडलेली नव्हती. साडूंनी ती 'अजून चांगली' केली. दुरुस्तीनंतर दोन-चार स्क्रू हटकून उरतात, ते पत्र्याच्या डब्यात जातात. त्याबद्दल विचारले तर म्हणतात, "कंपनी ज्यादाच देती, पावणं." इंजिन ऐकायला ते स्टीलचा पेला कानाला लावतात, पेल्याचे तोंड बॉनेटवर टेकवतात आणि डोळे मिटतात. एकदा मंचरला आमच्या घरी आले असताना त्यांनी आमचा फ्रिज असाच ऐकला आणि गंभीर होऊन म्हणाले, "ह्याला एकटं वाटतंय." मी हिशेबाने चालणारा माणूस आहे, पतसंस्थेत बावीस वर्षे काढली आहेत, पण त्या रात्रीपासून फ्रिज घुरघुरला की मला कसेसेच होते.

त्या रविवारी गाडीचा नंबर लागला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. किती हवा कोंबायची आणि कुठे थांबायचे, हे ठरवणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड. कंपनीचा आळशी आहे, त्याजागी चपळ बसवायचा, असे साडूंनी मोबाईलवर एका हिंदी बोलणाऱ्या सरदारजींचे व्हिडिओ पाहून ठरवले. जुना व्हॉल्व्ह निघाला, नवा बसला. त्याला तीन तोंडे होती. कुठली नळी कुठल्या तोंडाला, हे साडूंनी चक्क कागदावर काढून ठेवले होते. मला बरे वाटले. तेवढ्यात सोबत आलेली रबरी नळी वीतभर आखूड निघाली. साडू शांतपणे उठले, द्राक्षाच्या बागेत गेले, आणि ठिबकची बारीक काळी नळी व एक जोड घेऊन आले.

"भाऊ, इंजिनापाशी तापेल ती," मी म्हणालो.

"तीन एकर द्राक्षाला पाणी पुरवती, पावणं. ह्या एवढ्याशा गाडीला हवा पुरवाया काय धाड भरलीय तिला?"

आम्ही बेल्ह्याच्या रस्त्याने निघालो. ऊन चांगले होते, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उसावरून धुके अजून उठले नव्हते. साडूंनी पाय दाबला. गाडी खरोखरच झेपावली आणि त्याबरोबर बॉनेटखालून एक शिट्टी निघाली. खालून वर चढत गेली, टोकाला पोचली आणि साडूंनी पाय काढताच मधेच तुटली.

साडूंचा चेहरा मी तेवीस वर्षे पाहतो आहे. तो असा कधी झाला नव्हता.

"काय झालं?"

"कुठं काय," असे म्हणून त्यांनी पुन्हा पाय दाबला. पुन्हा तीच शिट्टी.

पुढच्या वळणावर कांदा काढलेल्या रानात साडूंच्या चुलतभावाची मेंढरे बसली होती. साडूंच्या घरात मेंढरे पूर्वी होती; वडील, म्हणजे आबा, गेल्यावर ती विकली. या चुलतभावाने तेवढा आपला कळप ठेवला आहे. शिट्टी तिसऱ्यांदा झाली आणि सगळ्या कळपाने एकदम मान वर केली. मग एकेक मेंढरू उठले, बांध ओलांडून रस्त्यावर आले आणि गाडीभोवती उभे राहिले. एकही ओरडले नाही. ती बॉनेटकडे बघत होती. कळपाचा कुत्राही पोट जमिनीला घासत आला आणि पुढच्या चाकापाशी बसला.

चुलतभाऊ धावत आला. "कोण वाजवतंय रं? आबाची मेंढरं वळवायची शिट्टी हाय ही!"

"गाडी हाय, येड्या," साडू म्हणाले, पण आवाज बारीक.

"आन् ह्यास्नी कशी कळली? ही समदी आबा गेल्यावर जलमली. त्यांनी कवा ऐकलीया?"

मग त्यानेच काठीने मेंढरे पुन्हा रानात वळवली.

बेल्ह्यात दिवस काढून आम्ही मळ्यात परतलो तेव्हा दिवेलागणीला थोडा अवकाश होता. फाटकाच्या चढावर गाडीने शिट्टी घातली. साडूंची आई गेले वर्षभर बाजेवरून उठत नव्हती. बोलणे जवळजवळ बंद, दोन घास मेहुणीने भरवले तर खायचे. ती म्हातारी ओट्यावरून उतरली. भिंतीला धरून, आता नुसता पालापाचोळा साठलेल्या मेंढरांच्या जुन्या वाड्यापर्यंत गेली आणि तिने झापा, म्हणजे वाड्याचे काटक्यांचे दार, उघडला. मग वाकून, गुडघ्याच्या उंचीवर हात धरून, ती मोकळ्या हवेला एकेकदा स्पर्श करू लागली. मेंढरे आत जाताना पाठीला हात लावून मोजतात, तशी. ओठ हलत होते. आम्ही दोघे गाडीपाशी खिळून उभे.

मोजणे संपले. तिने झापा लावला.

"एक कमी हाय," ती साडूंना म्हणाली. वर्षातले तिचे पहिले धड वाक्य. "माळावर ऱ्हायलंय. मालकास्नी म्हणावं, घिऊन या. आन् मला भाकर वाढा."

आकड्यांची सवय वाईट. मीही तिच्या हाताबरोबर मोजत होतो, हे मला तेव्हा कळले. माझ्याही मोजणीत शेवटी तिचा हात एकदा पुढे गेला आणि रिकामा परत आला.

त्या दिवसापासून म्हातारी रोज संध्याकाळी उठे, झापा उघडे, मोजे, एक कमी म्हणे आणि अख्खी भाकरी खाई. साडू रोज त्या वेळी चढावरून गाडी आणत. पुढच्या रविवारी मी बॉनेट उघडायला लावले. ठिबकची नळी जोडापाशी तापून मऊ पडली होती आणि केसासारखी चीर गेली होती; शिट्टी तिथूनच येत होती. 'पुरे' हा निरोप टर्बोला पोचवायचा, तो निरोपच वाटेत गळत होता, म्हणून हवेच्या दाबाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जात होता. नळी बदलली तर शिट्टी बंद, नाही बदलली तर इंजिन जाणार, किंवा त्याहून वाईट.

"इंजिन गेलं तर दुसरं घिऊ," साडू म्हणाले. "आई आठ दिस पोटभर जेवतीया, पावणं. कशी काढू ती नळी?"

उत्तर माझ्या मेहुणीने दिले. त्याच आठवड्यात ती नारायणगावहून पोरांना घेऊन येताना ओव्हरटेक करतेवेळी गाडीने एकदम दम सोडला होता, समोरून टोमॅटोचा ट्रक. "म्हातारीसाठी पोरं घालवणार का?" एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. साडूंनी त्या दिवशी स्क्रू एकही उरू न देता नवी रबरी नळी बसवली, क्लिपा आवळल्या. गाडी लोण्यासारखी चालू लागली. अगदी मुकी.

संध्याकाळी म्हातारी झापा उघडून उभी राहिली. रस्त्याकडे कान. साडू गाडी घेऊन खालच्या वळणावर गेले होते. मी फाटकात होतो. बराच वेळ काहीच आले नाही. म्हातारीचा हात हळूहळू खाली येऊ लागला. मग वळणाकडून साडू पायी येताना दिसले. गाडी तिथेच सोडली होती. पन्नाशीचा माणूस, दोन बोटे तोंडात घालून, गाल फुगवून शिट्टी घालत होता. निम्मी हवा, निम्मी थुंकी. खालून वर चढायची ती मधेच घसरायची. ते थांबत, दम घेत आणि पुन्हा लावत.

म्हातारीने मान वाकडी करून ऐकले. कपाळाला आठी पडली.

"हे मालक न्हवं," ती म्हणाली. "नवा गडी ठिवलाय वाटतं."

तिने मोजणी केली. मी या वेळी तिच्या हाताकडे बघितले नाही. झापा लावून ती साडूंकडे वळली. ते समोर घामाघूम उभे होते, ओठांना फेस.

"एक कमीच हाय. आसू दे. शिकशील."

मग ती आत गेली, आपल्या ताटातली भाकरी मोडून घेऊन आली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. "ही आजची. उद्या टायमात ये."

"व्हय, मालकीणबाई," साडू म्हणाले. आणि घरधन्यासमोर गडी खातो तसे, उभ्या उभ्या, अंग चोरून त्यांनी ती खाल्ली.

तेव्हापासून रोजची मजुरी हीच आहे: अर्धी भाकरी, वर मिरचीचा ठेचा. आमच्या साडूंना, त्यांच्या आईच्या हातून.