मोरितांच्या हातची कात्री

नकुल ताम्हाणे अमेरिकेत, रेडमंडमध्ये जन्मला, वाढला, आणि बरोबरची मुलं गेली त्याच वाटेने दोन वर्षं गेलाही. मग कॉम्प्युटर सायन्स अर्धवट सोडून तो जपानला निघाला, केस कापायच्या कात्र्या बनवायला शिकायला. त्याचे बाबा, अनिल, त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

जपानमधल्या एका लहान गावात मोरिता नावाचे म्हातारे कारागीर होते. त्यांच्याकडे नकुल सात वर्षं राहिला. पहिलं वर्ष त्याने फक्त फरशी झाडली आणि धारेचे दगड भिजत घातले. मोरितांच्या कात्रीची खुबी बाहेरून दिसत नसे. पात्याची आतली बाजू किंचित खोलगट असे आणि पातं हातोडीने अगदी जरासं वाकवलेलं; त्यामुळे कात्री मिटताना दोन्ही पाती एका वेळी एकाच बिंदूवर भेटत. हे मोजून जमत नाही, हाताला कळावं लागतं. नकुलच्या हाताला ते सहाव्या वर्षी कळलं. मोरितांनी त्याची कात्री ओल्या टिश्यू पेपरवर चालवली, कागद कुठेही न चुरगळता कापला गेला, आणि ते नुसतंच "हं" म्हणाले.

रेडमंडला परतल्यावर आईबाबांच्या गॅरेजमध्ये त्याने काम मांडलं. नव्या कात्र्या थोड्याच, बहुतेक काम धार लावायचं. पाच वर्षांनी मोरिता गेले. तिथे मागे काम चालवणारं कुणीच नव्हतं, कारखाना बंद झाला.

एकोणचाळिसाव्या वर्षी नकुलचा उजवा हात थरथरू लागला. औषधाने कमी होईल, जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने हे घरी सांगितलं नाही, गिऱ्हाइकांना तर नाहीच. सकाळी गोळी घेतली की दोन-तीन तास हात शांत राहायचा. तेवढ्यात तो काम उरकायचा.

प्रीताचं सलून जवळच होतं. बारा वर्षांपूर्वी नकुलनेच तिला मोरितांच्या हातची कात्री आणून दिली होती, आणि तेव्हापासून ती दुसरी कुठली वापरत नव्हती. गेल्या फेब्रुवारीत ती कात्री तिच्या हातून पडली आणि टोकाला खाच पडली.

"हिला फक्त तूच हात लावायचास," ती म्हणाली.

त्याने कात्री ठेवून घेतली.

पहिलं पातं छान झालं. दुसऱ्याची आतली बाजू धारेच्या चाकावर धरली असताना हात झटकन हलला. क्षणभरच. पण खोलगट जागी एक सपाट, चकचकीत डाग पडला. पुढचे पाच दिवस तो ते सुधारत राहिला आणि प्रत्येक वेळी पातं आणखी झिजत गेलं. शेवटी त्याने प्रीताला बोलावलं.

तिने कात्री दोनदा मिटून पाहिली. पाती मध्येच अडखळत होती.

"मोरितांची होती रे ही."

"आय नो."

तिची नजर त्याच्या थरथरणाऱ्या उजव्या हातावर गेली. "हात कधीपासून असा आहे?"

"दोन वर्षं."

"आणि तरी घेतलीस?"

"नाही म्हटलं असतं तर... मग सगळ्यांनाच नाही म्हणावं लागलं असतं, प्रीता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कात्री रुमालात गुंडाळली आणि गेली. त्या आठवड्यात नकुलने एकेकाला फोन करून सगळं काम कॅन्सल केलं आणि घरीही हाताचं सांगितलं.

"मग शिकव कुणाला तरी," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांत या कामाबद्दल ते पहिल्यांदाच काही चांगलं बोलले होते. उन्हाळ्यात दोघं जण शिकायला आलेही. "हलक्या हाताने," नकुल सांगायचा. "म्हणजे किती हलक्या?" ते विचारायचे. ते शब्दांत सांगता येईना, म्हणून त्याने एकाचा हात आपल्या हातात धरून दगडावर ठेवला. नकुलचा कंप त्याच्या बोटांत उतरला आणि पातं दगडावर खडखडू लागलं. त्या पोराने हळूच हात सोडवून घेतला. पुढच्या शनिवारी दोघंही आले नाहीत.

ऑक्टोबरपासून नकुल एका मोठ्या दुकानात, परत आलेल्या वस्तूंच्या काउंटरवर उभा राहतो. पावती तपासायची, खोकं उघडून बघायचं, शिक्का मारायचा. शिक्का जरा वाकडा पडला तरी चालतो.

एका संध्याकाळी बाबांनी चाचरत विचारलं, "गॅरेजमध्ये गाडी लावू का? तुझं सामान एका बाजूला सरकवतो."

"लावा ना," नकुल म्हणाला. "बाहेर पाऊस आहे."