कवाड नसलेल्या घरातला मोबाईल

माझ्या मामेबहिणीइतका मनापासून मोबाईल वापरणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. आपण मोबाईलवर वेळ घालवतो. ती माणसं सांभाळते. वय सव्वीस, समज आठ-नऊ वर्षांच्या मुलीची, असं डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय. अक्षरओळख जेमतेम, त्यामुळे ती नाव वाचत नाही, फोटो बघून फोन लावते. परिणामी आमच्या खानदानात कुणालाही आपला फोटो बदलायची मुभा नाही. मी तिथं अजून डोकंभर केसांचा आहे. माझ्या मावशीनं, म्हणजे तिच्या आत्यानं, हौसेनं स्वतःच्या जागी गुलाबाचं फूल लावलं, तर हिनं "आत्या गेली" म्हणून दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आत्याला फुलातून परत यावं लागलं.

सकाळी तिचा आवाज येतो, "दादा, उठला का? दात घासले का? डबा घेतला का?" नागापूरच्या कारखान्यात माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, पण मी हजेरी देतो ती हिच्याकडे. नुसतं "हो" चालत नाही, डब्याचा फोटो लागतो. संध्याकाळी सातला मात्र ती कुणाची नसते. विशेष शाळेतल्या चार जुन्या मैत्रिणी आणि ही, अशा पाचजणी व्हिडिओ कॉल लावतात, फोन तांब्याला टेकवतात आणि मुकाट्यानं जेवतात. फार तर एखादी म्हणते, "भाजी दाव." एकदा तिच्या शेजारी जेवायला बसलो असताना मी विचारलं, "अगं, काही बोलत का नाही?"

"जेवताना बोलू नये, दादा," ती म्हणाली. मी निमूटपणे भात कालवला.

मामांचं घर शनिशिंगणापुरात. चौकट आहे, कवाड नाही. तोच कायदा मामांनी मोबाईललाही लावला होता. "घराला कवाड न्हाई आन् मोबाईलला कुलूप? लोकं हसतील!" त्यामुळे फोन कुणाचाही येवो, चुकून लागलेला असो की जाहिरातीचा, ही उचलायची आणि विचारायची, "जेवला का?" त्यातलाच एकजण रोज फोन करायला लागला. गोड बोलायचा. फोन कायम स्पीकरवर, म्हणून एका दुपारी मामींच्या कानावर पडलं. घरात कुणी नसताना स्वतःचे फोटो काढून पाठव, असं तो तिला सांगत होता.

मामा त्याला तोंडाला येईल ते बोलले आणि फोन बंद करून फळीवर ठेवला. फळी तिच्या हाताला येते, पण नको म्हटलं म्हणून तिनं बोटही लावलं नाही. रोज सातला ताट घेऊन फळीखाली बसायची, दोन घास खायची, उठायची. अकराव्या दिवशी मामींनी मला बोलावलं. "पोरगी वाळाय लागली रे."

"तिला कळत न्हाई," मामा म्हणाले.

"तिला शिकवलं कुणी, मामा? तुम्ही नाही, मी नाही." हे म्हणताना मला माझीच लाज वाटली. दहा वर्षं मी तिला डब्याचे फोटो पाठवत होतो, आणि कुणाला काय पाठवू नये हे एकदाही सांगितलं नव्हतं. अनोळखी नंबर वाजणारच नाहीत अशी सोय करून देतो, असं मी म्हणालो. मामा कुरकुरले, "म्हंजे कुलूपच की!" पण फोन त्यांनीच खाली काढला.

मग उजळणी. "कुणी फोटो मागितला तर?"

"आईला हाक."

"गोड बोलून मागितला तर?"

"आईला हाक."

"मी मागितला तर?"

तिनं जरा विचार केला. "तुजी बी तक्रार करनार."

फोन चालू करून मी ती सोय लावून दिली. एका मैत्रिणीचे अकरा निरोप आले होते, रोजचा एक, सगळे सारखेच. "तू जेवली का?" हिनं एकेक लावून ऐकला, आणि उत्तर पाठवायचं असतं हे विसरून, फोनकडे बघत प्रत्येकाला सांगितलं, "न्हाई."

अकराव्या वेळी मामा उठले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं तिचं ताट वाढलं.