गोणीमागे एक किलो

नव्वदीच्या शेवटी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट वाटला. गोण्यांची वजनं भरायची, शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी छापून निघायची. फ्लॉपीत मूळ कोड होता आणि माझा जाहीरनामाही: कोणीही वापरा, बदला, पुढे द्या. हे तत्त्वज्ञान मी मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीड्यांवरून उचललं होतं आणि त्याने जग सुधारणार याची मला खात्री होती. वडील त्याच मार्केटमध्ये मापाडी होते, माल तोलून वजन सांगायचे. त्यांना जग सुधारायची घाई नव्हती.

एका संध्याकाळी ते आले आणि चहाला नको म्हणाले.

"तुजा प्रोग्रॅम गोणीमागं किलो खातोय म्हनत्यात. मापाड्याच्या पोरानं मापात पाप केलं म्हनत्यात."

त्यांनी सांगितलेलं वजन माल विकून देणारे आडते आणि शेतकरी दोघंही पुन्हा तोलून बघत नसत. आमच्या घरात मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

मी एका आडत्याच्या गाळ्यावर जाऊन पाहिलं. पडद्यावर वर माझं नाव, आत कोणीतरी गोणीमागे एक किलो 'घट' म्हणून वजा केलेला. काम सफाईदार होतं, त्याचा जास्त राग आला. ते तुर्भ्यातल्या एका कम्प्युटर क्लासवाल्याचं होतं. मी तिकडे गेलो. त्याच्याकडे देवाच्या फोटोखाली माझी मूळ फ्लॉपी ठेवली होती, हळदकुंकू वाहून.

"टेन्शन घेऊ नका सर," तो म्हणाला. "आडते बोलले घट पायजे, टाकली. बदला म्हणून तुमीच लिहिलंय ना?"

"मग नाव माझं कशाला?"

"रिस्पेक्ट, सर. नाव काढलं तर चोरी झाली असती."

तो खरोखरच दुखावला होता. मी संतापलो होतो आणि त्याची चूक मला सापडत नव्हती.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्यात ज्यानं तोललं त्येची सही. मानूस बदलला की सही बदलती. तुज्यात सही कुनाची?"

हे माझ्या तत्त्वज्ञानात नव्हतं. जाहीरनाम्यात मी एक ओळ वाढवली: बदल केलात तर माझं नाव काढा, तुमचं घाला. क्लासवाला लगेच कबूल झाला. थोड्याच दिवसांत त्याचं नाव झळकलं, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. मला फार हलकं वाटलं. वडिलांना मुद्दाम त्याच गाळ्यावर नेऊन मी पडदा दाखवला.

त्यांनी नाव वाचलं, मग खालचे आकडे वाचले.

"किलो हाय तिथंच हाय की."

"ती आता त्याची जबाबदारी," मी म्हणालो. "नियमात बसतं."

शेजारी एक शेतकरी पट्टी हातात घेऊन उभा होता. त्याच्यापाशी जाऊन वडिलांनी, सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, सकाळी स्वतः तोललेल्या त्याच्या मालाचं खरं वजन सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या आडत्याने दुसरा मापाडी मागून घेतला.